सरांनी दोन मिनिटांत पैसे परत पाठवले

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

जून आला की माझ्याकडे कॉलेजवाल्यांची पत्रं वाढतात, यंदाही तेच. त्यातली चार घेतली आहेत. पहिलं लांब आहे, पण कापावंसं वाटलं नाही.

प्रश्न : ताई, नाव छापू नका, सर तुमचा अंक वाचतात. मी निफाड तालुक्यातला, घरी दोन एकर द्राक्षबाग. बीएस्सी केमिस्ट्री नाशिकला केलं. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा ऐन फेब्रुवारीत गारपीट झाली, माल काढायला आठ दिवस होते आणि बाग झोपली. वडील म्हणाले राहू दे आता ते शिक्षण, माझेही आधीचे दोन विषय राहिलेले, मीही मनातून सोडलंच होतं. तेव्हा प्रॅक्टिकलच्या सरांनी मला धरून ठेवलं. धरून ठेवलं म्हणजे भाषण वगैरे काही दिलं नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शाहू महाराज शिष्यवृत्तीचा माझा फॉर्म अर्धवट पडून होता, तो त्यांनी सायबर कॅफेत माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून भरून घेतला, उत्पन्नाचा दाखला जुना होता म्हणून मला तहसीलला परत पिटाळलं. आणि प्रॅक्टिकल संपलं की रोज अर्धा तास माझ्यासाठी थांबायचे. मला टायट्रेशन, म्हणजे नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून नेमका रंग कधी बदलतो ते टिपणं, जमायचं नाही, शेवटी शेवटी घाई व्हायची आणि फ्लास्क एकदम गडद गुलाबी. ते म्हणायचे, रंग आल्यासारखा वाटला की नळी बंद कर, हलव, आणि अर्धा मिनिट नुसतं बघ, फिका गुलाबी टिकला तरच रीडिंग घे. शनिवारी मग गंगापूर रोडला मिसळ. पैसे कायम तेच द्यायचे, म्हणायचे तुझा पगार सुरू झाला की तू दे.

आता मी अंबडला एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या लॅबला आहे, हातात २८ हजार येतात. सर अजून सीएचबीवरच आहेत, पर्मनंट नाहीत, वय बेचाळीस. यंदा त्यांचे तास कमी केले असं ज्युनिअर पोरांकडून कळलं. रात्रभर झोप लागली नाही ताई. सकाळी मी त्यांना १० हजार जीपे केले आणि मेसेज टाकला की सर, राहू द्या, तुम्हाला गरज असेल. दोन मिनिटांत सगळे परत आले. मेसेज नाही, काही नाही. त्याला तीन आठवडे झाले, फोन उचलत नाहीत. याआधी दर आठवड्याला बोलायचो. मागे कंपनीत माझा एक रिझल्ट ओओएस आला, म्हणजे लिमिटच्या बाहेर, मी घाबरून रात्री साडेनऊला त्यांना फोन लावला तर त्यांनी आधी एवढंच विचारलं, "ब्लँक कसा आला?" आणि मग पाऊण तास आम्ही बोलत होतो. असे सर आणि आता फोन नाही. माझं काय चुकलं?

उत्तर : अरे बाळा, रक्कम चुकली नाही, वाक्य चुकलं.

ते सांगायच्या आधी एक गोष्ट सांगते, जी तुझ्या वयाच्या मुलांना कळायचं कारण नाही. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावर. जेवढे तास शिकवले तेवढेच पैसे, मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि दर वर्षी नव्याने मुलाखत, नव्याने ऑर्डर. शिक्षण मात्र पर्मनंटवाल्याइतकंच, काही वेळा जास्तच. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, वर्गात बसलेल्या पोराला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यासाठी दोघंही सर. तोच डस्टर, तेच मस्टर, तेच सुपरव्हिजन. मी ३१ वर्षं शिकवलं, पर्मनंट होते, आणि आमच्या स्टाफरूममध्ये दिवाळीच्या तोंडावर पगाराच्या गप्पा निघाल्या की दोन-तीन जण हळूच पाण्याची बाटली भरायला उठून जायचे. किती वर्षं माझ्या लक्षातच आलं नाही ते का उठतात. लक्षात आल्यावरही मी काही फार मोठं केलं असं नाही, गप्पा बंद केल्या एवढंच.

तर तुझे सर दिवसभरात जिथे जिथे जातात तिथे ते सीएचबीवाले असतात. ऑफिसात, मीटिंगमध्ये, लग्नाकार्यात, सासरी. फक्त तुझ्यासारख्या चार पोरांसमोर ते नुसते सर असतात. तुझ्या त्या मेसेजने त्यांना काय कळवलं बघ, की तुलाही आता माहीत झालंय. पैसे परत आले ते त्याचे.

रागावलेत असं मला वाटत नाही. रागावलेला माणूस दोन ओळी तरी लिहितो. ते लाजलेत, आणि बेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थ्यासमोर लाज वाटली की माणूस फोन उलटा करून ठेवतो.

आता काय करायचं. फोन करू नकोस, तीन आठवड्यांचे मिस्ड कॉल पुरे झाले. शनिवारी जा. कॉलेज सुटायच्या वेळी गेटच्या बाजूला, जिथे ते गाडी लावतात तिथे उभा राहा. आणि सॉरी सर, माझा हेतू तसा नव्हता सर, हे जे तू मनात पाठ करून ठेवलं असशील ना ते म्हणू नकोस, कारण त्यावर त्यांना तुझी समजूत काढावी लागेल आणि तो विषय पुन्हा मधोमध येईल. एवढंच म्हण : सर, माझा पगार सुरू होऊन इतके महिने झाले, मिसळ राहिली.

ही सोय त्यांनीच करून ठेवली होती, तुझ्या लक्षात आली नाही. "तुझा पगार सुरू झाला की तू दे" हे ते उगाच म्हणत नव्हते. त्या वाक्यात तू पास होणार, तुला नोकरी लागणार, आणि त्यानंतरही आपण दोघं इथे येऊन बसणार हे सगळं आलं, आणि ते कुणाला म्हणायचे तर दोन विषय राहिलेल्या, गाव गाठायच्या तयारीतल्या पोराला. आणि कर्ज कितीचं ठेवलं, तर मिसळीच्या प्लेटचं, म्हणजे फेडताना तुला जड जाऊ नये आणि घेताना त्यांना. तू एकदम १० हजारांवर गेलास. मिसळ मागव, दही वेगळं मागव, पाव संपले की अजून मागव, आणि बिलाच्या वेळी झटापट झाली तर या वेळी जिंक.

आणि बोलायचं काय? तू मला विचारलंस काय चुकलं, आणि त्याच पत्रात उत्तरही लिहिलंस. ब्लँक कसा आला. मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही, ब्लँक म्हणजे काय हे मी भाच्याला फोन करून विचारलं, त्यात सॅम्पल नसतंच म्हणे, बाकी सगळं तेच, म्हणजे आधी बघायचं की गडबड सॅम्पलमध्ये आहे की आपल्याच भांड्यात. तर रात्री साडेनऊला जो माणूस "काळजी करू नकोस" न म्हणता ब्लँक विचारतो, त्याला तू प्रश्न पाठव, पैसे नको. खोटा नको हं, मुद्दाम सोपा प्रश्न काढून आणलास तर त्यांना दोन मिनिटांत कळेल. तुझ्या कामात रोज काहीतरी अडत असेलच. कंपनीचे आकडे, प्रॉडक्टचं नाव बाहेर सांगायचं नसतं ते पाळ, पण मशीन का रुसलं, कॉलम कधी बदलायचा, हे बोलायला कुणाची ना नसते.

अजून एक सुचतं. त्यांच्या टीवायच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पोरांना क्यूसीत नक्की काय काम असतं हे कुणी सांगितलेलं नसणार, कॉलेजात टायट्रेशन शिकतात आणि नोकरीत पहिल्या दिवशी एचपीएलसी नावाच्या तपासणीच्या मशीनसमोर उभे राहतात. तुझ्या वरिष्ठांना विचार, इंडस्ट्रियल व्हिजिटला परवानगी देतात का. देत असतील तर कॉलेजकडून रीतसर पत्र लागेल, ते सर बघतील. नाही दिली तर तूच सुट्टीच्या दिवशी त्यांच्या वर्गावर जाऊन तासभर बोल. तिथे पोरांसमोर सांग की टायट्रेशनचा एंड पॉइंट, तो फिका गुलाबी, मला कुणी शिकवला. त्या वेळी ते खिडकीबाहेर बघतील, बघू दे.

फेसबुकवर मात्र काही लिहू नकोस. माझे सर, इतके शिकलेले, आणि बघा त्यांची परिस्थिती, अशा पोस्टला लाइक हजार पडतील आणि मित्र जाईल. आणि पुढे कधी त्यांनी स्वतःहून पैसे मागितले तर मागतील तेवढे दे, नंतर विषय काढू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या डिपार्टमेंटचे एक तरुण सर आहेत, हा त्यांना फोनवर "काय भावा" म्हणतो! सर नुसते हसतात. आमच्या वेळी सरांच्या सावलीवर पाय पडला तरी भीती वाटायची. हे योग्य आहे का? — एक आई, इंदिरानगर

उत्तर : सर हसतात ना, मग तुम्हीही हसा. मुलगा सबमिशन वेळेवर करतोय का तेवढं बघा.

माझं उलटं झालं होतं. माझे सर मला कॉलेजात पाच वर्षं "अगं ए सिन्नर" अशी हाक मारायचे, मी सिन्नरहून एसटीने यायचे म्हणून. मी लेक्चरर झाले आणि पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "या मॅडम, बसा." अहो, मला रडू यायचं बाकी होतं. वाटलं, संपलं आपलं. दोन वर्षं ते मला अहो-जाहो करत राहिले, मग एकदा सीबीएसवर, एसटी स्टँडच्या गर्दीत मी त्यांना दिसले आणि लांबून ओरडले, "ए सिन्नर, जागा धर!"

प्रश्न : मी नाशिकमध्येच एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, वय ३८. टीवायला एक मुलगी आहे, सुरगाण्याकडची, वसतिगृहात राहते, घराण्यात पहिली कॉलेजला आलेली. फार हुशार. मी तिला पुस्तकं दिली, स्पर्धेला पाठवलं, ती खुलली. आता ती मला सगळं सांगते, घरचे परीक्षा झाली की लग्न करून टाकायचं म्हणतात ते, रूममेटचं भांडण, सगळं. रात्री अकरा-अकराला फोन येतो. "मॅडम तुम्हीच माझी मैत्रीण" म्हणते. स्टाफरूममध्ये "तुमची मानसकन्या आली" असं चिडवतात. मिस्टर म्हणतात जरा लांब राहा. लांब राहिले तर तिला वाटेल मीही टाकलं. काय करू?

उत्तर : स्टाफरूमचं सोडा. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फाइलीत मेंटॉर-मेंटीच्या, म्हणजे कुठल्या शिक्षकाकडे कुठली मुलं याच्या याद्या आपण सगळेच लावतो, वीस-वीस मुलांची नावं आणि खाली सही. त्यातल्या एका नावाशी कुणी खरोखर बोललं की बाकीच्यांना चिडवायला विषय मिळतो.

मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. लांब जाऊ नका, पण मैत्रीण आत्ताच होऊ नका. तिच्या इंटर्नलचे मार्क तुमच्या हातात आहेत. जोवर ते आहेत तोवर ती तुमच्याशी भांडू शकत नाही, तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, आणि जिला नाही म्हणता येत नाही तिला मैत्रीण कसं म्हणायचं? माया म्हणा, आधार म्हणा. मैत्री करायला अख्खं आयुष्य पडलंय, निकाल लागू द्या. आणि वर्गातल्या बाकीच्या मुली बघत असतात हेही लक्षात ठेवा, तिला जास्त मार्क पडले की ते तुमच्यामुळे पडले असंच बोललं जाणार, तिची मेहनत त्यात वाहून जाईल. जमलं तर तिचं एखादं असाइनमेंट डिपार्टमेंटमधल्या दुसऱ्या कुणाला तपासायला द्या.

फोनचं तिला स्पष्ट सांगा. रात्री साडेआठनंतर नाही, दुपारी दोन ते अडीच मी डिपार्टमेंटमध्ये असते, दार उघडं असतं, ये. पहिले चार दिवस तिला लागेल. पण तुम्ही रोज दोनला खरंच तिथे असलात तर पाचव्या दिवशी ती डबा घेऊन येईल. आणि येताना एकटी नको, तिच्यासारख्याच अजून दोघी-तिघी असतीलच पेठ, सुरगाणा, त्र्यंबक बाजूच्या, त्यांनाही बोलवा, एकत्र वाचायला बसवा. तिला एक मॅडम पुरणार नाहीत, तिला दोन मैत्रिणी हव्यात.

लग्नाचं मात्र गंभीरपणे घ्या. बापाशी भांडायला जाऊ नका, तुम्ही गाडीत बसून परत याल, ती तिथेच राहणार. आधी तिला विचारा तिला काय हवंय, बीएड की एमए की नोकरी. मग घरच्यांशी आकड्यांत बोला : फी किती, राहायची सोय काय. वसतिगृहात जागा नाही मिळाली तर आदिवासी विकास विभागाची स्वयंम योजना आहे, त्यात राहण्या-जेवणाचे पैसे मुलीच्याच खात्यावर येतात, हे कळलं की घरातलं बोलणं बदलू शकतं. "तुमची मुलगी हुशार आहे" याने बापाची मान ताठ होते, पण रात्री झोपताना तो खर्चाचाच हिशोब करत असतो.

आणि एक. पूर किती चढलाय ते आपण नाशिककर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून ओळखतो ना, पाणी घोट्याला आहे, कमरेला आहे, छातीला लागलं. तशी एक खूण तुम्ही मनात ठेवा. रूममेटशी भांडण, घरची आठवण, हे घोट्याचं पाणी, त्याला तुमचं ऐकणं पुरतं. पण ती जेवेनाशी झाली, वर्गात यायची बंद झाली, जगून काय करू असं बोलली, तर तो पूर एकटीने अडवायचा नाही. लगेच समुपदेशक, वसतिगृहाच्या गृहपाल, आणि टेलिमानस म्हणून सरकारी मदतसेवा आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. हा नंबर तिच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून द्या, तुमच्याही.

प्रश्न : मी एमए सेकंड इयरला आहे, भूगोल. प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेबद्दल, सेटबद्दल, आमचे सर म्हणतात, "सेट दे, तुझ्यात आहे." पण ते सगळ्यांनाच असं म्हणतात का काय, कळत नाही. खरंच माझ्यात आहे हे कसं ओळखायचं? — एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : तुझ्यात आहे का ते मला इथे बसून दिसत नाही गं. सर मनापासून म्हणतात का, ते ओळखायची मात्र एक जुनी युक्ती आहे माझ्याकडे.

वर ज्यांचं सांगितलं ते माझे सर ट्यूटोरियल पेन्सिलीने तपासायचे. लाल पेन नाही. समासात बारीक अक्षरात लिहायचे : "इथे घाई केलीस." "हे वाक्य पाठ केलेलं दिसतंय." "याच्या पुढे का गेली नाहीस?" पाच वर्षांत मला त्यांनी व्हेरी गुड असं एकदाही लिहून दिलं नाही. पण पाचवी वही परत मिळाली तेव्हा पहिल्या पानावर होतं, "पहिल्या वहीतली घाई गेली." म्हणजे त्यांना पहिली वही आठवत होती! माझी मलाच आठवत नव्हती. ती वही अजून कपाटात आहे, पेन्सिल पुसट झालीये, चष्मा लावून तिरकी धरली की वाचता येते.

आता सेटचं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं, नाशिकला सेंटर असतं, लांब जायला नको. पहिला पेपर सर्वांना सारखा, ५० प्रश्न १०० मार्क, दुसरा तुझ्या विषयाचा, १०० प्रश्न २०० मार्क, सलग तीन तास. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, आमच्याकडच्या हुशार मुली नेमकं हेच करतात, शंभर टक्के खात्री नाही म्हणून सोडून येतात. एमएच्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं, वयाची अट नाही. पास करतात ते बसलेल्यांतले साधारण ६ टक्के, म्हणून पहिल्या खेपेला नाही झालं तर "माझ्यात नाहीच" असं ठरवून टाकू नकोस. पहिल्या पेपरला मुलं हलक्यात घेतात आणि तिथेच जातात. त्यात डीआय, म्हणजे तक्त्या-आलेखांतून माहिती काढणं, आणि रिझनिंग असतं, भूगोलवाल्यांना ते जड जाऊ नये, नकाशे-तक्ते वाचायची सवय असते तुम्हाला.

आणि सेट झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही, वरचं पहिलं पत्र वाचलंसच. हेही सरांशी बोल. जो तुला सेट दे म्हणतो त्याने हेही सांगायला हवं, आणि सांगितलं नसेल तर विसरले असतील किंवा तुझा उत्साह जाईल म्हणून टाळलं असेल, तू विचार.

तर युक्ती अशी. सरांकडे जा आणि विचार, "सर, माझं सगळ्यात कच्चं काय आहे?" त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं की तुझं क्लायमेटॉलॉजी कच्चं आहे, आणि गेल्या सेमिस्टरला अमुक उत्तरात तू असं असं लिहिलं होतंस, तर मुकाट्याने अभ्यासाला लाग. आणि "छे छे, तसं काही नाही, छानच आहे सगळं तुझं" म्हणाले, तरीही अभ्यासाला लागच, फक्त सराव पेपर तपासून द्यायला दुसरं कुणीतरी बघ.